पणतीची चकती वेगळी, माळेची वेगळी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली की नाशिककरांचे कॅमेरे आणि मोबाइल गोदाघाटाकडे वळतात. पायऱ्यांवर पणत्या, पाण्यावर द्रोणातले दिवे, पलीकडे इमारतींवर विजेची रोषणाई, आणि या सगळ्याकडे पाठ करून उभी राहिलेली घरची माणसे. अशा छायाचित्रांत मागचे दिवे धूसर होऊन गोल गोल, मोठे दिसतात. छायाचित्रकार त्याला ‘बोके’ म्हणतात. मूळ शब्द जपानी, अर्थ धूसरपणा. १९९७ मध्ये ‘फोटो टेक्निक्स’ या अमेरिकन नियतकालिकातल्या लेखांनंतर तो सगळीकडे पसरला. मराठीत त्या शब्दाने भलताच घोटाळा होतो, म्हणून या पत्रात आम्ही ‘चकती’ हा घरचा शब्द वापरतो.

या चकत्यांबद्दल एक समज घट्ट बसला आहे: भारी लेन्स घेतली की त्या आपोआप येतात. म्हणून दिवाळीच्या तोंडावर लोक लेन्सवर हजारो रुपये घालतात, आणि घाटावरून परतल्यावर पडद्यावर पांढरे, रंग उडालेले, कडक कडांचे ठिपके पाहून हिरमुसतात. लेन्स चकतीचा साचा देते हे खरे. पण त्या साच्यात काय ओतले जाणार ते दिवा ठरवतो. त्याचा आकार, त्याचे तेज, त्याचा रंग आणि त्याची लुकलुक या चार गोष्टी आधी पाहायला हव्यात, आणि नेमक्या त्याच कोणी पाहत नाही. त्या तपशिलाने मांडाव्यात म्हणून हे पत्र.

आधी चकती किती मोठी पडेल याचा हिशोब. लेन्सची फोकल लेंथ (लेन्सवर मिमीत लिहिलेला आकडा) भागिले एफ क्रमांक (भोक किती उघडे ते सांगणारा आकडा, लहान आकडा म्हणजे मोठे भोक), म्हणजे लेन्सच्या भोकाचा व्यास. ८५ मिमी लेन्स एफ १.८ वर असेल तर तो सुमारे ४७ मिमी. माणूस २ मीटरवर उभा असेल तर सेन्सरवरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरची, त्याची प्रतिमा खऱ्या आकाराच्या ०.०४४ पट असते (८५ भागिले १९१५, म्हणजे २००० वजा ८५). मागचा दिवा १० मीटरवर असेल तर दोन अंतरांतला फरक भागिले दिव्याचे अंतर, म्हणजे ८ भागिले १०, म्हणजे ०.८. तिन्हींचा गुणाकार केला की सुमारे १.७ मिमी येतात. मोठा, ‘फुल फ्रेम’ म्हणतात तो सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. ३० सेंमी रुंद प्रिंट काढली तर ही चकती १४ मिमीची दिसेल.

आता लहान (सुमारे २३.५ मिमी रुंद) सेन्सरच्या कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स घ्या. ५५ मिमी, एफ ५.६, माणूस तेवढ्याच २ मीटरवर, दिवे १० मीटरवर: त्याच मापाच्या प्रिंटवर चकती जेमतेम ३ मिमीची. इथे लोक हार मानतात. पण त्याच लेन्सने ६० सेंमीवर फोकस करा, म्हणजे माणसाऐवजी त्याच्या हातातली पणती किंवा नुसता चेहरा टिपा, की चकती १२ मिमीची होते. महागड्या लेन्सच्या जवळजवळ बरोबरीची. दीड मीटर पुढे सरकायला पैसे पडत नाहीत. आणि दिवे माणसाला चिकटून असतील तर कोणतीच लेन्स मदतीला येत नाही: वरच्याच ८५ मिमी लेन्सपुढे दिवा १० ऐवजी ३ मीटरवर असेल तर चकती १४ वरून ६ मिमीवर येते. माणसाला पायरीवरच्या पणत्यांपासून पुढे आणा, पणत्यांच्या रांगेत बसवू नका.

इथपर्यंतचा हिशोब दिवा म्हणजे एक बिंदू आहे असे धरून केलेला आहे. खरा दिवा बिंदू नसतो, आणि गंमत तिथेच सुरू होते. दिव्याची स्वतःची जी प्रतिमा सेन्सरवर पडली असती, तिच्या प्रत्येक बिंदूची एकेक चकती पडते आणि त्या सगळ्या एकमेकींवर चढतात. दिव्याची प्रतिमा चकतीच्या मानाने किती मोठी, यावर शेवटी काय दिसणार ते ठरते.

वरच्याच ८५ मिमी लेन्सने, २ मीटरवर फोकस ठेवून, ५ मीटरवरचे तीन दिवे बघू. बिंदूची चकती तिथे सुमारे १.२६ मिमीची पडते. माळेतला ५ मिमीचा एलईडी असेल तर त्याची प्रतिमा ०.०९ मिमी, चकतीच्या चौदाव्या हिश्शाएवढी. तो जवळपास बिंदूच. म्हणून माळेची चकती नाण्यासारखी कातीव कडांची येते. पणतीची ज्योत २ सेंमी उंच धरली तर तिची प्रतिमा ०.३६ मिमी, चकतीच्या पाव भागाहून थोडी जास्त. चकती जराशी उभट होते, वरखालच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात, आणि ज्योतीचे तेज सगळीकडे सारखे नसल्याने आतही हलकी छटा येते. पणतीची चकती डोळ्याला मऊ वाटते त्याचे कारण हे आहे. त्यात तेलाच्या दिव्याबद्दलच्या आपल्या प्रेमाचा भाग नक्कीच असेल, पण मोजता येणारा भाग एवढा. तिसरा, ३० सेंमीचा कागदी आकाशकंदील: त्याची प्रतिमा ५.३ मिमीची, चकतीच्या चौपट मोठी. त्याची चकती होतच नाही. कंदीलच मऊ कडांचा होऊन दिसतो, चांदणी असेल तर चांदणीच्या टोकांना गोलाई येते. ‘कंदिलाचा गोल का आला नाही’ असे विचारणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. गोल हवा असेल तर कंदील बराच लांब हवा, किंवा फोकस खूप जवळ.

ट्यूबलाइटचे असेच. चार फुटी नळी १० मीटरवर असली तर १२ मिमी लांब आणि २ मिमीपेक्षा किंचित कमी रुंद अशी कॅप्सूल उमटते. मेन रोडवर किंवा दहीपुलाजवळ संध्याकाळी काढलेल्या छायाचित्रांत दुकानांच्या ट्यूब आणि बॅटन अशा पट्ट्यांसारख्या मागे येतात आणि माणसाच्या कानातून काठी निघाल्यासारखे दिसते. तिथे अ‍ॅपर्चर (लेन्सचे भोक) उघडून भागत नाही, एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकावे लागते.

रस्त्यावरच्या नव्या एलईडी दिव्यांत एकेका पेटीत अनेक छोटे एलईडी ओळीने बसवलेले असतात. प्रत्येकाची वेगळी चकती पडते आणि त्या थोड्या थोड्या सरकून एकमेकींवर बसतात, त्यामुळे कडेला पायऱ्या पायऱ्या दिसतात. जुन्या सोडियम दिव्यात एकच उजळ नळी, म्हणून त्याची चकती अखंड येत असे.

बिंदूसारख्या दिव्याचा आणखी एक स्वभाव आहे: तो लेन्सचे सगळे दोष उघडे पाडतो. अशी चकती म्हणजे लेन्सच्या भोकाचा फोटोच असतो. मागच्या काचेवरचा धुळीचा कण, ओरखडा, आत शिरलेली बुरशी हे सगळे चकतीत काळ्या डागांसारखे उमटते. साच्यात दाबून केलेल्या, पृष्ठभाग गोलाचा भाग नसलेल्या अ‍ॅस्फेरिकल भिंगांवर साच्याच्या कातकामाच्या सूक्ष्म रेघा उरल्या असतील तर कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी वलये येतात. जगभरचे छायाचित्रकार त्यांना कांद्याची वलयेच म्हणतात, लासलगाव जवळ असलेल्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको. मोठा, मऊ दिवा हे दोष एकमेकांत मिसळून पुसून टाकतो. एकच लेन्स माळेपुढे वाईट आणि पणत्यांपुढे सुरेख ठरते ती अशी. लेन्सचे परीक्षण वाचताना चाचणी कोणत्या दिव्यांपुढे झाली हे आधी बघावे.

चकतीचा काठ उजळ की फिका, हे मात्र भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत न जुळण्याच्या दोषावर, गोलीय विपथनावर, म्हणजे स्फेरिकल अ‍ॅबरेशनवर असते. ते जास्त सुधारलेले असेल तर मागच्या चकत्यांना चमकता काठ येतो आणि तारा, फांद्या दुहेरी दिसतात. कमी सुधारलेले असेल तर काठ विरत जातो. चौकटीच्या कोपऱ्यांत चकत्या मांजराच्या डोळ्यासारख्या निमुळत्या होतात, कारण तिथून येणारा प्रकाश लेन्सच्या नळीच्या काठाने कापला जातो. लेन्सचे भोक एखाददोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) बंद केले की त्या गोल होतात, पण मग भोक मिटवणारी पाती आत येऊन गोलाचा बहुकोन होण्याची भीती. कॅननच्या जुन्या ५० मिमी एफ १.८ टू लेन्सला पाचच पाती होती, त्यामुळे एफ २.८ वरच पंचकोन दिसू लागे. नंतरच्या एसटीएम आवृत्तीत गोलाई दिलेली सात पाती आली. आरशाच्या लेन्समध्ये मधोमध आरसा असतो म्हणून तिची चकती मेदुवड्यासारखी. लेन्सबद्दल एवढे पुरे.

तेजाची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती बहुतेकांना उलटी ठाऊक असते. चकत्या पांढऱ्या पडल्या की लोक अ‍ॅपर्चर बंद करतात. बिंदूसारख्या दिव्याच्या बाबतीत त्याने काम बिघडते. अ‍ॅपर्चर एफ ४ वरून एफ २ केले की भोकाचा व्यास दुप्पट, आत येणारा प्रकाश चौपट. पण चकतीचे क्षेत्रफळही चौपट. म्हणजे शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) तेच ठेवले तर चकतीचे तेज होते तेवढेच राहते. चेहरा मात्र चौपट उजळतो. तो जागेवर आणायला शटर चौपट वेगवान केले की चकतीचे तेज पाव होते आणि तिचा रंग परत येतो. उघडे अ‍ॅपर्चर आणि वेगवान शटर म्हणजे मोठी, शांत, रंगीत चकती. बंद अ‍ॅपर्चर आणि संथ शटर म्हणजे लहान, भगभगीत, पांढरी. कंदिलासारख्या मोठ्या दिव्याला हा नियम लागू नाही, तो चेहऱ्यासारखाच वागतो. म्हणून एकाच चौकटीत माळ आणि कंदील दोन्ही असतील तर अ‍ॅपर्चर बदलून त्यांचे आपसातले प्रमाण बदलता येते. ही सोय फारच थोडे लोक वापरतात.

अंतराचेही तसेच. माणूस २ मीटरवर ठेवून माळ ५ मीटरवरून १० मीटरवर नेली तर तिच्याकडून येणारा प्रकाश पाव होतो, चकतीचे क्षेत्रफळ पावणेदोन पट वाढते, आणि तेज सुमारे सातव्या हिश्शावर येते. माळ फार झगझगते आहे असे वाटले तर ती दोन खांब मागे बांधावी.

साध्या मेणबत्तीची तेजस्विता सुमारे १ कँडेला असते आणि ज्योत चहूबाजूंना जवळपास सारखीच उजळते. माळेतल्या एलईडीच्या टोकाला भिंग असते. ते सगळा प्रकाश समोरच्या अरुंद झोतात लोटते आणि त्या झोतात तो कित्येक मेणबत्त्यांना भारी पडतो, बाजूने मात्र मिणमिणतो. एकाच माळेत काही चकत्या आग ओकतात आणि काही दिसतही नाहीत, त्याचे कारण दिवे वेगवेगळ्या दिशांना वळलेले आहेत, एवढेच. उपाय स्वस्त आहे: दुधी टोपणांची माळ घ्यावी किंवा माळ पातळ पांढऱ्या ओढणीमागे टांगावी. ओढणीवर प्रत्येक दिव्याचा दोन-तीन सेंमीचा उजळ डाग पडतो, आणि त्याची चकती पणतीच्या चकतीच्या जवळ जाते.

रंगाबद्दल. चकतीचा मध्य पांढरा आणि फक्त कडेला रंग, हे चित्र सगळ्यांनी पाहिलेले आहे; सेन्सरची मर्यादा ओलांडली की असे होते. निळ्या माळेत तर फसगत ठरलेली. कॅमेऱ्यातला साधा हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) उजळपणाचा असतो आणि त्यात निळ्या रंगाचे वजन दहा टक्क्यांच्या आसपासच धरलेले असते, त्यामुळे निळी चकती पार फुटलेली असली तरी आलेख निर्धोक दिसतो. मेन्यूत जाऊन लाल, हिरवा, निळा असा तीन आलेखांचा हिस्टोग्राम चालू करावा, रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) घ्यावी आणि चकत्यांच्या हिशोबाने एक ते दीड स्टॉप कमी एक्स्पोजर द्यावे. चेहरा नंतर उचलता येतो, फुटलेली चकती परत येत नाही.

पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचे टोक असते आणि बाकी पिवळसर पसारा. लेन्स सगळे रंग एकाच ठिकाणी जुळवू शकत नसेल तर मागच्या चकत्यांना हिरवट आणि पुढच्यांना जांभळट काठ येतो. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला, म्हणून त्याच्या चकतीला काठ जवळजवळ नसतो. व्हाइट बॅलन्स (कोणत्या प्रकाशाला पांढरे धरायचे ती मांडणी) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा पणत्यांचा केशरीपणा धुऊन काढायला बघतो. ज्योत साधारण १९०० केल्व्हिनची (प्रकाशाच्या रंगाचे माप, आकडा लहान तितका प्रकाश पिवळा), पिवळा बल्ब २७०० चा आणि पांढरा शुभ्र एलईडी ६५०० चा. हाताने ३२०० ते ३५०० ठेवले तर पणत्या सोनेरी राहतात, चेहरे ओळखू येतात आणि दूरचे एलईडी निळसर होतात. ते निळसर खटकत असतील तर चौकट बदलावी, आकडा बदलू नये.

लुकलुक हा मोबाइलवाल्यांना आणि मिररलेसवाल्यांना सर्वांत छळणारा प्रकार. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बहुतेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. स्वस्त माळांत अर्धीच लहर वापरलेली असते, त्या सेकंदाला ५० वेळा पेटतात आणि मधल्या काळात पूर्ण विझलेल्या असतात. काही माळांत निम्मे दिवे एका अर्ध्या लहरीवर आणि उरलेले दुसरीवर. तिथे १/२०० शटर लावले तर निम्म्या चकत्या गायब, आणि पुढच्या क्लिकला दुसऱ्या निम्म्या. १/५० सेकंद हा सुरक्षित आकडा: १०० च्या लुकलुकीची दोन पूर्ण आवर्तने, ५० चे एक. उजेड जास्त होत असेल तर आयएसओ खाली आणावा, तरीही जमले नाही तर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी राखाडी काच) लावावा. आयएसओ तळाला टेकल्याशिवाय शटरला हात लावू नये.

इलेक्ट्रॉनिक शटर वरच्या ओळीपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचत जाते. पूर्ण चौकट वाचायला १/३० सेकंद लागत असेल तर १.७ मिमीची चकती वाचायला २ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ जातो. १०० च्या लुकलुकीत एवढ्या वेळात एका चकतीत फार फरक पडत नाही, पण वरची चकती उजळ आणि तिच्या खालची अंधारी असे होते. प्रकाश कमी करण्यासाठी सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारी एलईडी पट्टी असेल तर मात्र चकतीच्या आतच दोन-तीन काळे पट्टे पडतात. यांत्रिक शटर आणि १/५० यांनी दोन्ही बऱ्याच अंशी जातात. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट यांत्रिक पडद्याने) हा पर्याय चालू ठेवून उघड्या लेन्सने १/२००० वापरले तर चकत्या एका बाजूने कापलेल्या येतात. तो दोष लेन्सच्या माथी मारला जातो, तो शटरचा आहे. तेलाच्या पणतीला विजेची लुकलुक नाही, पण नदीवरचा वारा आहे: १/१५ सेकंदाला ज्योत डोलते आणि चकती फरफटते, १/६० पुरेसे आहे.

दिवा नसतानाही चकत्या मिळतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात गोदावरीच्या पाण्यावर चमकणारा प्रत्येक कण म्हणजे सूर्याचे एक इवलेसे प्रतिबिंब. १/१००० ला ते सुटे गोल दिसतात, १/३० ला एकमेकांत मिसळून पट्टा होतो. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) फिरवला तर पाण्यावरची चमक कमी होते, कधी पार जाते, म्हणून चकत्या हव्या असतील तर तो काढून ठेवावा. भांडी बाजारातल्या घासलेल्या पितळी तांब्याचा फुगीर पृष्ठभाग आख्ख्या खिडकीचे प्रतिबिंब आकसून कणभर करतो, त्याची छान चकती होते. तिच्यावर पोलरायझर चालत नाही, कारण धातूवरून परतणारा प्रकाश पाण्यासारखा ध्रुवित होत नाही. सपाट ताटात खिडकी खिडकीच राहते. थंडीत द्राक्षबागेत सूर्याकडे पाठ करून पानांवरच्या दवाकडे बघितले तर काही थेंबांच्या चकत्या तांबड्या, हिरव्या, निळ्या येतात, थेंबातून इंद्रधनुष्यासारखे रंग फुटतात म्हणून. ऊन चढले की दहा-पंधरा मिनिटांत संपते.

हे सगळे घरी एका संध्याकाळी पडताळता येते. मोबाइलच्या टॉर्चवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून सुईने १ मिमीचे भोक पाडा. तो ३ मीटरवर ठेवा, खोली अंधारी करा, ५० मिमी लेन्स एफ १.८ वर हाताने ५० सेंमीला फोकस करा. जी चकती दिसेल ती तुमच्या लेन्सची खरी ओळख: धूळ, वलये, काठ, सगळे. मग फॉइल काढा, टॉर्च हातभर मागे न्या आणि त्याच्या जागी २० सेंमीच्या चाळणीवर बटर पेपर ताणून धरा. त्या वर्तुळाची प्रतिमा (सुमारे ३.७ मिमी) चकतीपेक्षा (सुमारे २.६ मिमी) मोठी असल्याने धूळ, वलये पुसली जातील. लेन्स तीच, खोली तीच. हे करताना लेन्सवरचा यूव्ही फिल्टर एकदा लावून, एकदा काढून बघा. प्रखर दिव्याची चौकटीच्या विरुद्ध बाजूला उमटणारी हिरवट सावली बहुधा त्या काचेची असते. घाटावर अगरबत्तीचा धूर आणि तेलकट बोटे यांमुळे लेन्सवर थर बसतो आणि चकत्यांना केसाळ पसारा येतो, तेव्हा मायक्रोफायबरचे कापड खिशात असावे.

मोबाइलचे थोडक्यात. मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ ७ मिमीच्या आसपास, भोक ४ मिमीचे. १ मीटरवरच्या माणसामागे ३० सेंमी प्रिंटवर त्याची खरी चकती १ मिमीचीही भरत नाही. पोर्ट्रेट मोडमध्ये दिसतात त्या चकत्या सॉफ्टवेअरने केलेल्या असतात. सॉफ्टवेअरपुढे दिवा आधीच पांढरा फुटलेला असतो, त्याचे मूळ तेज किती होते हे त्याला कळत नाही, म्हणून चकती राखाडी, पिठूळ येते. एक्स्पोजरची पट्टी खाली ओढून फोटो घेतला तर पुष्कळ सुधारणा होते. आणि खरीच चकती हवी असेल तर पोर्ट्रेट मोड बंद करून पणती १५ सेंमीवर धरा; मागच्या दिव्यांच्या साडेपाच मिमीच्या चकत्या प्रिंटवर मिळतात, केसांभोवतीची कापाकापी न होता.

लेझरबद्दल एक इशारा. मिरवणुकीतला लेझरचा झोत थेट लेन्समध्ये आला तर सेन्सरवर कायमचे ठिपके किंवा रेघा पडू शकतात. त्याची चकती टिपण्याच्या मोहात पडू नये. झोत फिरत असेल तर लेन्सवर टोपण लावावे.

आता आपल्याकडे मागणे. वर्तमानपत्राच्या कागदावर छपाईची जाळी साधारण इंचाला १०० रेषांची असते, म्हणजे दोन ठिपक्यांत पाव मिमी. वर सांगितलेल्या ८५ मिमीच्या छायाचित्रातली चकती १६ सेंमी रुंद छापली तर साडेसात मिमीची येते, तिचा काठ टिकतो. किट लेन्सने २ मीटरवरून काढलेल्या छायाचित्रात ती दीड मिमीची, जेमतेम सहा ठिपके. शाई पसरली की तिचा डाग होतो. तेव्हा अशी छायाचित्रे छापायची तर रुंदीला जागा द्यावी, आणि छपाईपूर्वी सगळ्या चित्रावर सरसकट शार्पनिंग चढवू नये, त्याने मऊ कडांना काळे-पांढरे काठ येतात. सणाच्या पानांवर छायाचित्राखाली नावाबरोबर लेन्स, अ‍ॅपर्चर, शटर एवढे तीन आकडे दिलेत तर शिकणाऱ्या मुलांना फुकटचा वर्ग मिळेल.

बाजारात तयार चकत्यांचे थर मिळतात, ते चित्रावर चिकटवले जातात. सजावटीला ते चालेल, ‘घाटावरील दृश्य’ म्हणून छापायला चालणार नाही. ओळखायचे कसे, तर जवळच्या आणि लांबच्या दिव्यांच्या चकत्या एकाच मापाच्या असतात, कोपऱ्यातल्याही मधल्याइतक्याच गोल असतात, आणि एखादी हमखास खांद्याच्या पुढे आलेली असते.

शेवटचे मागणे आपल्यामार्फत घाटाची व्यवस्था पाहणाऱ्यांकडे. दीपोत्सवाच्या संध्याकाळी उंच खांबांवरचे पांढरे फोकस लोकांच्या डोळ्यांवर रोखलेले असले की पणत्यांचे तेज त्यात बुडते. छायाचित्रात तर ती एक पांढरी चकती बाकीच्या शेकडो चकत्या खाऊन टाकते. दिवे बंद करा असे आम्ही म्हणत नाही. पायऱ्यांवर पाणी आणि तेल सांडलेले असते, गर्दीत लहान मुले आणि म्हातारी माणसे असतात, तिथे अंधार नको. फोकसना वरून आणि बाजूने पत्र्याचे झाकण बसवावे, तोंड खाली पायऱ्यांकडे करावे आणि ६५०० ऐवजी ३००० केल्व्हिनचे दिवे वापरावेत. उजेड पायाखाली पडेल, डोळ्यांत जाणार नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाटांवर जे नवे दिवे बसतील, त्यांच्या निविदेत झाकण आणि केल्व्हिन या दोन ओळी आताच घातल्या तर नंतर खांबावर चढून बदल करावे लागणार नाहीत.

कळावे,
आपले,
छायाचित्रण शिकवणारे काही नाशिककर